‘चालू झालं भाऊ’ म्हणून निघून जाणाऱ्यांना खुलं पत्र

धारणी (मेळघाट), जि. अमरावती

अमरावती-अकोल्यापासून मेळघाटापर्यंत दुकानोदुकानी आणि हापिसोहापिसी वाय-फाय जोडून देणाऱ्या समस्त भावांना,



हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकासाठी नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. गेल्या सात वर्षांत माझ्या हापिसात तुमच्यापैकी चौघं येऊन गेले. कंपन्या बदलल्या, राउटरचे डबे बदलले, वायरीचा रंग बदलला, जातानाचं वाक्य मात्र चौघांचंही एकच होतं : "चालू झालं भाऊ, पाहून घ्या." मी फोनवर एखादा व्हिडिओ लावायचो, तो न अडखळता चालला की तुम्ही चहा पिऊन मोकळे आणि मी पैसे देऊन मोकळा. ‘चालू झालं’ याच्या पुढेही काही असतं, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

आधी तुमचं जे आहे ते कबूल करतो. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह, हरिसाल करत इथवर यायचं म्हणजे काय, ते मेळघाटाबाहेरच्याला सांगून समजत नाही. पावसात झाड पडलं की तार तुटते, रस्त्याचं काम निघालं की जेसीबी ती उपटतो, आणि शिव्या तुमच्या वाट्याला येतात. मे महिन्यात टिनावर बसून, केसाएवढी काचेची तार जोडताना तुमच्या कपाळावरचा घाम तारेवर पडू नये म्हणून मीच खाली पुठ्ठ्याने वारा घातलाय. त्या मेहनतीला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. माझं भांडण आहे ते नंतरच्या दहा मिनिटांशी, जी तुम्ही कधी दिलीच नाहीत.

माझं हापिस म्हणजे मेन रोडवरच्या दोन खोल्या. बाहेर दोन बाकडी आणि पाण्याचा रांजण. आत चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा लावायचं यंत्र आणि कोपऱ्यात कॅमेऱ्यांचा डबा. हिशेब, जीएसटी, पॅन कार्ड, पीक विमा, शिष्यवृत्ती, जे येईल ते करतो. बाकड्यावर बसणारी माणसं जंगलातल्या गावांतून, एसटी किंवा काळीपिवळीने आलेली असतात. गावात रेंज नसते, म्हणून धारणीत उतरल्या उतरल्या आधी खिशातून फोन निघतो. रेशनची ई-केवायसी चेहरा दाखवून करायची, तर त्याचं अ‍ॅप उतरवावं लागतं, आणि तेवढा डेटा उरलेला नसतो. मग हळूच विचारणा होते, "भाऊ, वायफाय हाये का?" नाही म्हणवत नाही. दाराशी रांजण ठेवणाऱ्या माणसाने हे नाकारायचं तरी कोणत्या तोंडाने? रोज किती जणांना सांगत बसायचं म्हणून पासवर्ड मी मार्करने भिंतीवरच लिहून टाकला होता.

एप्रिलमधली दुपार होती. एका किराणावाल्याचं रिटर्न भरत होतो आणि प्रिंटर आपोआप घरघरायला लागला. आतल्या कुणीच काही दिलं नव्हतं. पहिला कागद बाहेर आला : वर गणपती, मध्ये कलश, लाल अक्षरांत दोन नावं, आणि तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. मग दुसरा तसाच. तिसरा. बाहेर डोकावलो तर बाकड्यावरचा एक पोरगा फोन हातात धरून कावराबावरा झालेला. "पत्रिका पाहात होतो भाऊ, त्यात प्रिंटरचं नाव दिसलं, मनलं दाबून पाहाव." सात रंगीत प्रती निघाल्या. सगळे हसलो. पत्रिका त्यालाच देऊन टाकल्या, पैसे घेतले नाहीत.

हसून झाल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळला. याचा फोन प्रिंटरपर्यंत पोचला, तर आणखी कुठवर पोचतो? त्याच्याच फोनवर फाइलींचं अ‍ॅप उघडलं, ‘नेटवर्क’वर बोट ठेवलं. माझ्या मोठ्या कॉम्प्युटरचं नाव समोर आलं. त्यावर बोट ठेवलं. ‘आधार स्कॅन’, ‘पासबुक’, ‘जातीचे दाखले’, ‘वनपट्टे’, सगळी फोल्डरं रांगेत उभी. पासवर्ड विचारला नाही. दोन तालुक्यांतल्या शेकडो लोकांची कागदपत्रं, आणि ती बाहेर बाकड्यावर बसून दिसत होती. ती फोल्डरं चारही कॉम्प्युटरांवर दिसावीत म्हणून उघडी मीच ठेवली होती, तो दोष माझा. पण बाकडं आणि कपाट यांच्यामध्ये भिंतच नाही, हे मला चौघांपैकी एकानेही कधी सांगितलं नव्हतं.

आता एकेक तक्रार सांगतो.

पहिली पासवर्डची. वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा असावा लागतो, त्याहून लहान तो डबाच घेत नाही. म्हणून तुम्ही मोजून आठ आकडे टाकता, १ ते ८, नाहीतर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, जो दुकानाच्या पाटीवर वीतभर अक्षरांत रंगवलेला असतो. माझ्याकडे तुमच्यातल्या एका भावाने दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवला होता. "सोपा ठेवला भाऊ, नाईतं तुमालेच याद राहात नाई." गंमत म्हणून शेजारच्या मेडिकलवाल्यासमोर, त्याच्या परवानगीने, त्याच्या दुकानाचं नाव टाकून पुढे १२३ लावलं. लागलं. पलीकडच्या मोबाइलवाल्याकडेही लागलं. आमच्या ओळीतली सगळी कुलपं एका किल्लीने उघडतात, आणि ती किल्ली तुमच्या सवयीत आहे. तोच नियम ६३ अक्षरांपर्यंत जाऊ देतो. ओळखीचे तीन-चार शब्द आणि एखादा आकडा जोडून पासवर्ड केला तर माणूस विसरत नाही आणि दुसऱ्याला सुचत नाही. मेळघाटात शब्दांना काय तोटा?

दुसरी तक्रार डब्याच्या आतल्या पासवर्डची. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि डब्याची सेटिंग उघडायचा वेगळा, हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. तो तुम्ही कंपनीने दिला तसाच ठेवता, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. तो बदला आणि कागदावर लिहून मालकाच्या हातात द्या. काही जण बदलता, पण सांगत नाही. मग नाव बदलायलाही तुम्हालाच बोलवावं लागतं. डबा माझ्या भिंतीवर, वीज माझी, आणि किल्ली परतवाड्यात! २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या एका प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे, त्यांचे डबे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याला फार डोकं लागलं नाही. कंपनीने दिलेल्या साठेक जुन्या नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या सगळ्या डब्यांनी मिळून अमेरिकेतल्या एका मोठ्या सेवेवर एवढा मारा केला की तिकडच्या नामांकित वेबसाइटी काही तास उघडेनात. त्यात बिचाऱ्या दुकानदारांचे कॅमेरेही असणार, ज्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नसेल. माझ्या कोपऱ्यातला डबाही त्याच अ‍ॅडमिनवर चालत होता.

त्यातच ते डब्ल्यूपीएसचं बटण. पासवर्ड न टाकता फोन जोडायला सोपं जातं म्हणून तुम्ही ते चालूच ठेवता. त्याचा पिन ८ आकड्यांचा, म्हणजे कोट्यवधी शक्यता असं वाटतं. पण डबा तो पिन दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरतो. म्हणून खरं पाहता ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं. भिंतीवरचा पासवर्ड कितीही अवघड केला तरी हे मागचं दार उघडंच राहतं. बंद करायला सेटिंगमधलं एक चिन्ह काढावं लागतं, बस.

आता मुख्य गोष्ट : पाहुण्यांचं वाय-फाय.

दाराशी रांजण ठेवतो तेव्हा वाटसरू पाणी पितो आणि पुढे जातो. त्यासाठी कुणी त्याला घरात घेऊन विहिरीवर नेत नाही. बहुतेक नव्या डब्यांमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते, ती म्हणजे हा रांजण. पाणी तेच, वाट वेगळी. पाहुण्याचा फोन इंटरनेटवर जातो, पण प्रिंटर, फोल्डरं, कॅमेरे त्याला दिसत नाहीत. माझ्याकडच्या डब्यात ही सोय पहिल्या दिवसापासून होती. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

मग एप्रिलनंतर मी तुमच्यातल्या एकाला बोलावून मुद्दाम सांगितलं, पाहुण्यांचं वेगळं करून द्या. त्याने पाच मिनिटांत दुसरं नाव काढून दिलं, पुढे ‘गेस्ट’ असं लावून. मी खूश. दुसऱ्या दिवशी त्या ‘गेस्ट’वरून फोन लावला आणि पुन्हा फोल्डरं रांगेत उभी! त्याने पाटी नवी लावली होती, दार तेच होतं. कंपन्यांच्या डब्यांवर चार-चार नावं काढता येतात, पण नुसतं दुसरं नाव काढलं तर दोन्ही नावं आत एकाच खोलीत उघडतात. म्हणून विनंती, काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर ही परीक्षा घ्या : फोन पाहुण्यांच्या नावावर जोडायचा आणि ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकायचा, बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. सेटिंगचं पान उघडलं तर काम अर्धवट आहे. मग प्रिंटर शोधून पाहायचा. सापडला तरीही अर्धवट. दोन्ही सापडले नाहीत तेव्हा म्हणा, "चालू झालं भाऊ."

‘पाहुण्यांना आतलं नेटवर्क दिसू द्या’ अशा अर्थाची एक चौकट सेटिंगमध्ये असते, ती कोरी ठेवायची. आणि ‘आयसोलेशन’ नावाचं जे असतं ते चालू करायचं, म्हणजे बाकड्यावरचा एक फोन शेजारच्या फोनला दिसत नाही.

जुन्या डब्यात ही सोयच नसेल तर? याचंही उत्तर तुमच्याकडे आहे, फक्त उलटं जोडू नका. अकोल्यात एका ओळखीच्या हापिसात पाहिलं : कंपनीच्या डब्यावर सगळं हापिस आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या राउटरवर पाहुणे. वाटतं वेगळं केलं, पण आतल्या राउटरवरचा माणूस बाहेरच्या डब्यापर्यंत सहज जातो, म्हणजे पाहुणे हापिसात पोचतातच. ते उलटं हवं. कंपनीचा डबा पाहुण्यांना सोडायचा आणि हापिस स्वतःच्या राउटरच्या आड बसवायचं. बाहेरच्याला त्या राउटरमधून आत शिरता येत नाही. एका साध्या राउटरचा खर्च, एक हात लांब वायर. मालक नको म्हणाला तर ठीक, पण विचारा तरी.

यावर तुम्ही म्हणाल, आणि एका भावाने म्हटलंही, "धारनीत कोन हॅकर येऊन बसते भाऊ?" कुणी येऊन बसत नाही, खरंय. पण बाकड्यावरचा फोन कुठून काय घेऊन आलाय, हे त्या माणसालाही माहीत नसतं. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एपीके फाइल माझ्या किती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये निघाली, ते मीच काढून टाकल्यात म्हणून सांगतो. असा फोन माझ्या नेटवर्कवर जोडला, की त्या फाइलीचा मालक माझ्या बाकड्यावर येऊन बसलाच म्हणायचा. तिकिटाविना.

आणि उघड्या वाय-फायचा हिशेब महाराष्ट्राने एकदा चुकता केलेला आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याच्या वाय-फायला नीट कुलूप नव्हतं आणि ते कुणीतरी वापरून गेलं होतं. तरी कॉम्प्युटर जप्त झाले त्याचे, आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. ऑगस्टमध्ये पुढचा ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वाय-फायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या ऑफिसमधल्या वाय-फायवरून. ते ऑफिस, भाऊ, तुमच्या-आमच्यासारखंच कामधंद्याचं होतं. मग जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत गल्ल्यांतून फिरली. धारणीत असं काही घडेल असं मी म्हणत नाही. पण घडलंच तर पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात आधी येतात, तुमच्या नाही.

एक जुनी गोष्ट आठवते. आपल्याच तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मिळून टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट पोचवलं, दवाखाना, शाळा, दुकानं जोडली. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेत पडद्यावर हेच हरिसाल दाखवून विचारलं, कुठे आहे डिजिटल गाव? तेव्हा टीव्हीवर आठवडाभर भांडण चाललं. एक बाजू म्हणे चालू आहे, दुसरी म्हणे बंद आहे. चालू असेल तर त्यावरून कुणाचं काय कुणाला दिसतं, हा प्रश्न मी कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. मीही विचारला नव्हता. हरिसालपासून माझ्या भिंतीपर्यंत आपलं माप एकच, चालू की बंद.

थोडं मालकांच्या बाजूचंही बोलतो, कारण मीही त्यातलाच. आम्ही तुम्हाला घाई करतो. बाहेर लोक बसलेत, लवकर आटपा म्हणतो. जोडणीचे पैसे ठरवताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर चहा पाजल्याचे उपकार. सेटिंग करायला दहा मिनिटं मागितली तर ‘नंतर पाहू’ म्हणणारा मीच होतो. तेव्हा माझ्यापुरतं लिहून देतो : पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क परीक्षेसह करून दिलंत, तर जोडणीच्या वर पाचशे रुपये, रोख. मला वाटतं, समजावून सांगितलं तर ओळीतले बाकीचेही देतील. मेडिकलवाला तर आत्ताच तयार आहे, १२३ चा प्रयोग त्याने पाहिलाय.

त्या पाचशे रुपयांत मला काय हवं, ते सांगून ठेवतो. कुलुपाचा प्रकार डब्ल्यूपीए२ च्या खालचा नको. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार २००१ मध्येच फुटला, तरी गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या जुन्या डब्यात तो जिवंत पाहिला. डबा नवा असेल आणि सगळे फोन घेत असतील तर २०१८ मध्ये आलेला डब्ल्यूपीए३ लावा. पाहुण्यांच्या बाजूला वेगाची मर्यादा घाला. नाहीतर बाकड्यावर कुणी क्रिकेट लावलं की माझं रिटर्न भरायचं पान गोल फिरत बसतं. संध्याकाळी सातला पाहुण्यांचं आपोआप बंद आणि सकाळी दहाला चालू, ही वेळही बहुतेक डब्यांत लावता येते. ती लावली की रात्री हापिसाच्या ओट्यावर पोरांचा जो गेमचा अड्डा बसतो, तोही उठेल. (पोरं चांगली आहेत, पण त्यांच्या आयांचे मला फोन येतात.) पाहुण्यांचा पासवर्ड महिन्याला बदलता यावा, आणि भिंतीवर मार्करऐवजी क्यूआर कोडचा कागद लावता यावा, एवढं शिकवून जा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी कोरकू म्हाताऱ्यांना इंग्रजी अक्षरं टाकता येत नाहीत. फोन समोर धरला की जोडला जावा.

आणि शेवटी एक चिठ्ठी. डब्याचं नाव, सेटिंगचा पासवर्ड, हापिसाच्या वाय-फायचा पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद केल्याची नोंद, खाली तारीख आणि तुमची सही. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा पावती देतो, पंप बसवणारा देतो. तुमच्याकडूनच आजवर कधी कागद मिळाला नाही.

ज्यांना दुकानातून वाय-फाय विकायचंच आहे, चहाची टपरी असो की एसटी स्टँडवरचं हॉटेल, त्यांना तुम्ही चोरून कनेक्शन वाटून देता, तेही थांबवा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना न घेता, शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय देता येतं, आणि वापरणाऱ्याची ओळख योजनेच्या अ‍ॅपमधूनच होते. ते त्यांना समजावून सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही. आमच्याकडे तर साध्या बल्बपासून मोबाइलच्या सिमपर्यंत लोक तुम्हालाच विचारतात. माझ्या आईने परवा तुमच्यातल्या एकाला गुडघेदुखीवर काय घ्यावं तेही विचारलं.

माझी फोल्डरं आता पासवर्डाच्या आड आहेत, प्रिंटर आतल्या राउटरवर आहे. भिंतीवरचा मार्कर थिनरने पुसला, पण ऊन पडलं की ती अक्षरं अजून वाचता येतात. म्हणून पासवर्डही बदलला. डब्ल्यूपीएस मात्र माझ्याने बंद झालं नाही. सेटिंगमध्ये सापडलं नाही की मला कळलं नाही, देव जाणे. पुढच्या खेपेला कोण येणार असेल त्याने पाऊण तास काढून यावं. चहा दोनदा मिळेल.

आपला,
मेन रोडवरचा एक जुना गिऱ्हाईक

ता. क. : मागच्या वेळी आलेल्या भावाची क्रिम्पिंगची पक्कड माझ्याकडे राहिली आहे. प्रिंटरखालच्या खणात ठेवली आहे, घेऊन जावी.